दगड बसला

“अहो कंडक्टर, बोट नका घासू. दगड घासा!”

आप्पांनी चाक बंद केलं आणि माझा हात ओढून पाहिला. चार बोटांची टोकं सोलून निघाली होती, नखांची पार वाट लागली होती. दगड मात्र जसाच्या तसा. दोन तास मी त्याच्याशी झुंजत होतो आणि त्याला काही पत्ताच नव्हता.

“चालायचंच,” मी म्हणालो. “तिकिटं पंच करून करून बोटं तशीही बधिर झालीत.”

“बधिर बोटाला दगड कळत नाही,” आप्पा म्हणाले. “आणि पाणी सोडा त्यावर, पाणी! तापला की तडकेल.”

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो तडकला. टक्क! अर्धा माझ्या हातात, अर्धा चाकाच्या मोटारीखाली. पलीकडच्या खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. भिंत एका विटेची होती आणि पलीकडे प्रमिला तार वळत बसली होती, एवढं मला ठाऊक होतं. कान लाल होईपर्यंत लाज वाटली.

ही शहाऐंशी सालची गोष्ट. मी भागवत सोनवणे, वय पंचवीस, एसटीत कंडक्टर, जळगाव–औरंगाबाद गाडीवर. आणि हे आप्पा सुरडकर. फर्दापूरला रस्त्याच्या कडेला त्यांचा पत्र्याचा कारखाना होता. अजिंठ्याची लेणी बघायला आलेली माणसं त्यांच्याकडून गारगोट्या न्यायची, अकीक न्यायची. घासून, जिल्हई देऊन, तारेत गुंफलेली पदकं, कानातली, अंगठ्या. त्या घराची कामाची वाटणी ठरलेली. दगड पुरुषांनी घासायचा, तार बायकांनी वळायची. सोनाराचं कोंदण नाही, डाख नाही, डिंक नाही, लाख नाही. नुसत्या तारेच्या वेढ्यांवर दगड बसवायचा.

प्रमिला त्यांची धाकटी. दर मंगळवारी दोन पिशव्या घेऊन ती माझ्या गाडीत चढायची, औरंगाबादच्या दुकानांत माल द्यायला. पहिल्याच दिवशी मी पिशवी उचलून बघितली आणि माझा खांदाच निखळायची वेळ आली.

“बाई, याचं वेगळं तिकीट लागेल.”

“का? पिशवी बसणार आहे का सीटवर?”

“काय आहे काय हिच्यात, दगड?”

“हो,” ती म्हणाली. “दगडच आहेत.”

आख्खी गाडी हसली. मी चिडून पिशवीचं तिकीट फाडलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं ते शांतपणे घडी घालून पिशवीच्या बंदात खोचलं. पुढच्या मंगळवारी मी तिच्यासाठी ड्रायव्हरच्या मागची जागा धरून ठेवली. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. ती बसायची, खिडकीबाहेर बघायची, औरंगाबाद आलं की उतरायची. वर्षभरात माझ्याशी दहा वाक्यं बोलली असेल, त्यातली सहा सुट्ट्या पैशांची. पण माझा मंगळवार सोडून बाकीचा आठवडा नुसता वाया जायला लागला, तेव्हा मी नानांना सांगितलं. नाना म्हणजे माझे वडील, भुसावळला रेल्वेत होते. आई नव्हती. ओळखीतून स्थळ गेलं, जातपात, गणगोत सगळं जुळलं, आणि बघायच्या दिवशी आप्पांनी घरची रीत सांगितली.

“आमच्यात असं असतं. मुलानं इथं येऊन चार दिवसांत एक दगड घासायचा, स्वतःच्या हातानं. तोवर मुलीला दगड दाखवायचा नाही. पाचव्या दिवशी चारचौघांसमोर ती त्याला तार बांधेल. दोन हात तार, जास्त नाही. मग मी आकडीला धरून परातीवर तीन हिसके देणार. दगड बसला, तर सुपारी फोडू.”

“आणि पडला तर?” नानांनी विचारलं.

“तर चहा घेऊन आपापल्या घरी. दगड बसला नाही म्हणायचं. मुलाला नावं ठेवायची नाहीत, मुलीलाही नाहीत.”

नाना माझ्याकडे बघायला लागले. मी घाईघाईनं विचारलं, “पण मुलीला पसंत आहे का, ते...”

“मुलीला काय विचारायचं?” आप्पा म्हणाले. “दगड बसला की बसला.”

आप्पांच्या मागे दारात माई उभ्या होत्या, प्रमिलाची आई. त्यांनी पदर सारखा केला आणि आत गेल्या.

तर अशी चार दिवसांची रजा टाकून मी माघ महिन्याच्या थंडीत चाकावर बसलो होतो. मुक्काम कारखान्यातच, प्रमिलाचा मोठा भाऊ दिगंबर याच्यासोबत. दिगू माझ्याच वयाचा, भला माणूस. हात तर असा, की दगड त्याच्या बोटांत आपोआप गोल व्हायचा.

पहिला दगड तडकला तो तसा. दुसरा मी फार जपून घेतला. काठीच्या टोकाला लाख गरम करायची, दगड तिच्यावर चिकटवायचा आणि काठी धरून तो चाकावर फिरवायचा. मी लाख नीट तापवलीच नव्हती. चाकाला टेकवताच दगड सुटला, दारातून बाहेर गेला आणि माईंच्या लोणच्याच्या बरणीवर जाऊन आदळला. बरणी गेली, लोणचं गेलं. पलीकडे परत तेच फिसकन.

“आई, आज जेवायला दगडाचं लोणचं का गं?” प्रमिलाचा आवाज आला.

“हळू, ऐकू जाईल त्यांना,” माई म्हणाल्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं.

संध्याकाळी माईंनी एका वाटीत खोबरेल आणि हळदीच्या पट्ट्या आणून ठेवल्या.

“कुणी पाठवलं?” मी विचारलं.

“मांजरानं,” म्हणाल्या आणि निघून गेल्या.

तिसरा दगड मी स्वतः वाघूर नदीच्या पात्रातून वेचून आणला. दुधी अकीक, मधून एक तांबूस रेघ. आप्पा शेजारी बसून सांगत होते, हात मात्र लावत नव्हते. “पोट गोल. पाठ सपाट. आणि कडेला नखभर उतार, म्हणजे तारेला पाय रोवायला जागा मिळते. कड जास्त गुळगुळीत केलीत तर तार घसरेल, जास्त धारदार ठेवलीत तर तार तुटेल.”

पोट जमलं. पाठही जमली. चौथ्या दिवशी दुपारी कडेचा उतार काढताना एक एसटी बाहेरून हॉर्न वाजवत गेली. सवय हो! मी मान वर करून बघितलं, आमच्याच डेपोची का म्हणून. तेवढ्यात काठी वळली आणि दगडाच्या कडेत एक खोच पडली. चांगली जोंधळ्याच्या दाण्याएवढी. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ती खोच घासून काढायला गेलो तर दगडाचा एक खांदा उतरला. दुसरा खांदा त्याच्याशी जुळवायला गेलो तर बूड फुगलं. जिल्हई देऊन झाली तेव्हा दगड असा चमकत होता, की त्याचं वाकडेपण रस्त्यावरूनही दिसलं असतं.

आप्पांनी तो उलटसुलट केला. “पोट बरं आहे,” म्हणाले. “पाठही बरी आहे.” मग तो माझ्या हातात परत ठेवला. “कडेबद्दल न बोललेलं बरं.”

दिवे लागायच्या वेळेला दिगू माझ्याजवळ येऊन बसला. त्यानं खिशातून एक दगड काढला. तसाच दुधी, तशीच तांबूस रेघ, पण असा देखणा, की बघत राहावं.

“माझ्या हातचा आहे. घे.”

“छे! हे बरं नाही, दिगू.”

“अरे, तुझा तो बटाटा कुठल्या तारेत बसणार? उद्या पडला की संपलं. परत विचारायची सोय नाही आमच्यात. मला तूच पाव्हणा म्हणून हवा आहेस. कुणाला कळणार आहे? रंग एकच, रेघ एकच.”

मी नको म्हणायला हवं होतं. मला तेव्हाही कळत होतं. पण मला रिकामे मंगळवार दिसायला लागले, ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर बसलेलं भलतंच कुणीतरी दिसायला लागलं, आणि मी तो दगड घेतला. माझा स्वतःचा पँटच्या खिशात टाकला.

पाचव्या दिवशी सकाळी नाना पहिल्या गाडीनं आले. अंगणात सतरंजी, मध्ये पितळी परात, आजूबाजूला आप्पांचे चार भाऊबंद. प्रमिला हिरवं लुगडं नेसून समोर बसली. शेजारी पक्कड, चिमटा आणि आप्पांनी हातानं मोजून तोडलेली दोन हात चांदीची तार. मी दगड तिच्या तळहातावर ठेवला.

तिनं तो बघितलाच नाही. डोळे मिटून अंगठा कडेवरून एकदा फिरवला. मग डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मला पुरती ओळखीची होती. पास संपलेला माणूस पास दाखवतो ना, तेव्हा मी त्याच्याकडे तसाच बघतो.

तिनं भराभर तार वळली. दोन मिनिटंही लागली नसतील. वेढे एकसारखे, वर छानशी आकडी. लोक वाहवा म्हणाले. आप्पांनी आकडी धरली, परातीवर हात नेला आणि पहिला हिसका दिला.

ठण्ण.

दगड परातीत गरगर फिरत राहिला. दिगूचा चेहरा चुन्यासारखा पांढरा.

“दगड बसला नाही,” आप्पा म्हणाले. “वाईट वाटून घेऊ नका, नाना. चहा घ्या.”

नाना उठले, टोपी झटकली. “चल भागवता. साडेअकराची मिळेल.”

मी उठलो. अंगणाच्या फाटकापर्यंत गेलोसुद्धा. कुणी मला नावं ठेवणार नव्हतं. मानानं गाडीत बसता आलं असतं. पण मला राहवेना. वाटलं, निदान जाताना तरी बिनतिकिटाचं जायला नको. मी वळलो.

“आप्पा, हा दगड माझा नाही.”

“काय?”

“माझ्या हातचा नाही. मला वाटलं माझा बसणार नाही, म्हणून मी दुसऱ्याचा आणला. चूक माझी आहे. माफ करा.”

दिगू उठायला लागला तसा मी त्याला डोळ्यांनीच खाली बसवला. भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली. नाना म्हणाले, “अरे गाढवा!”

प्रमिलानं मान वर केली. “मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “दिगूदादाच्या दगडांना मी आठ वर्षं तार लावतेय. त्याची कड मला झोपेतही कळते. तुमचा कुठाय?”

मी खिशातून काढला. नानांनी तो मध्येच माझ्या हातातून घेतला, उन्हात धरला आणि म्हणाले, “हा दगड आहे का वांगं?”

सगळं अंगण हसलं. आप्पासुद्धा. पण लगेच गंभीर झाले. “नाही, नाही. आमच्यात एकाच दगडाची रीत आहे. एक पडला म्हणजे संपलं.”

तेव्हा दारातून माई बोलल्या. चारचौघांत त्या बोलत नसत, म्हणून सगळेच वळले. “रीत मुलाच्या दगडाची आहे ना? मग मुलाचा दगड अजून बांधलाच कुठं?”

आप्पांनी डोकं खाजवलं. भाऊबंदांकडे बघितलं. “हे खरं आहे,” म्हणाले.

परत दोन हात तार मोजली. आणि मग, काय सांगू, पाऊण तास लागला! ती वेढा घालायची, दगड सटकायचा. सोडायची, परत घालायची. तार फुगलेल्या बुडाखालून न्यावी तर उतरलेल्या खांद्यावरून निसटे. ओठ दाताखाली धरलेला, कपाळावर घाम, थंडीत! मधेच म्हणाली, “बोटं गारठली. आई, चहा आण कडकडीत.” माईंनी स्टीलचा पेला आणून दिला. तिनं दोन्ही हातांनी तो पेला धरला, दगडासकट. एक घोटही घेतला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “गार झाला, दुसरा आण.” माईंनी दुसरा आणला. तोही तसाच. मी तिच्या बोटांकडे बघत होतो आणि मनातल्या मनात त्या पोरीची माफी मागत होतो, की माझ्या एका हॉर्नपायी तिला एवढा त्रास.

मग एकदम तिचे हात थांबले. तिनं अंगठ्यानं खोच चाचपली, तार तिच्यात दाबली, एक पीळ दिला, आणि पदक आप्पांपुढे धरलं.

आप्पांनी पहिला हिसका दिला. दगड हलला नाही. दुसरा दिला. नाही. तिसरा असा जोरात दिला, की त्यांचीच टोपी पडली. दगड तारेत घट्ट. आप्पांनी पदक नाकाजवळ नेऊन निरखलं, उपरण्यानं नाक पुसलं आणि म्हणाले, “सर्दी झाली वाटतं.” मग मोठ्यानं, “दगड बसला! सुपारी आणा!”

“मला एकदा हलवू द्या,” नाना म्हणाले. त्यांचा विश्वासच बसत नव्हता. त्यांनीही हलवून बघितलं, आणि मग तिथंच सतरंजीवर बसून डोळे पुसले. मला तर उठून त्या वाकड्या दगडाच्या पाया पडावंसं वाटलं.

जेवणं झाल्यावर मी परसात हात धुवायला गेलो. माई तांब्यातून पाणी घालत होत्या.

“माई, एक विचारू? दिगूचा दगड एवढा सुबक. मग तो पडला कसा?”

“शेवटचा वेढा घातलाच नव्हता तिनं.”

“म्हणजे मुद्दाम?”

माईंनी मागे वळून बघितलं, कुणी नाही ना. “भागवतराव, चारचौघांत मुलीला नको म्हणता येतं का? बापापुढं तरी येतं का? म्हणून आमच्यातल्याच कुणा आजीनं ही रीत घातली. पुरुषांना वाटतं, परीक्षा पोराची. दगड कसाही असो, आमच्या हातात तार असते ना.”

मी पाण्याखाली हात धरून तसाच उभा. “म्हणजे मघाशी मी बोललो नसतो तर...”

“तर साडेअकराच्या गाडीत असता. खोट्या माणसाशी नाही करायचं, असं तिनं ठरवलं होतं. आवडता असला तरी.”

“आवडता?” मी म्हणालो. माझा आवाज चिरकला.

“मांजराला आवडता,” माई म्हणाल्या आणि हसल्या. मग हळूच, “यांना सांगू नका हं. यांच्या दगडाचे तर माझ्या हातात दोन तुकडे झाले होते. मी मधे लाखेचा खडा दाबला आणि वरून तार आवळली. तीस वर्षं झाली, अजून ऐटीत असतात.”

सांजच्या गाडीला आप्पा आम्हाला थांब्यापर्यंत सोडायला आले. दिवसभरात त्यांनी मला कंडक्टर म्हणणं सोडलं होतं. नाना पुढे चालत होते. आप्पांनी माझा दंड धरून मागे ओढलं.

“जावईबापू, हिनं परसात काय सांगितलं तुम्हाला?”

“काही नाही.”

“लाखेचं सांगितलं असेल.” आप्पा हसू दाबत होते. “अहो, जन्म गेला माझा लाखेत. आमच्या सुपारीच्या दिवशीच वास आला होता मला. पण केवढा आनंद झाला सांगू? म्हटलं, पोरीनं आपल्यासाठी रीत मोडली! तिला बोलू नका काही. तिला वाटू द्या मला माहीत नाही.”

गाडी आली. मी दोघांचीही गुपितं खिशात टाकली आणि पुढे अडतीस वर्षं कुणाजवळ काढली नाहीत. आता माई नाहीत, आप्पाही नाहीत. मी निवृत्त होऊनही चार-पाच वर्षं झाली.

एक गोष्ट मात्र मी येईल त्याला सांगत आलो. लग्नात, बारशात, डेपोतल्या पोरांना. “अहो, माझ्या चुकीनं जी खोच पडली ना, तिच्यातच तार बसली. दगड वाकडा होता म्हणून टिकला!” प्रमिला हे ऐकताना नेहमी दुसरीकडे बघायची. गळ्यात ते पदक असायचंच.

परवा मात्र मला गप्प बसवेना. चहा पिता पिता मी तिला माईंचं सांगितलं, लाखेचं, आणि मग आप्पांचंही सांगितलं, वास आल्याचं. ती आधी हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“वास आला होता? आप्पांना वास यायचा?”

“हो. का गं?”

तिनं गळ्यातलं पदक काढलं, उलटं केलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मी चष्मा लावला. पाठीमागे, खोचेत, तारेच्या वेढ्याखाली एक काळपट लाल ठिपका होता. जोंधळ्याच्या दाण्याएवढा.

“आईनं लाख पहिल्या पेल्याच्या बुडाला चिकटवून आणून दिली होती,” ती म्हणाली. “अहो, तुमचा दगड कशातच बसत नव्हता.”